काटवलाच्या वेलाची राहिलेली टोपली

भिवाजी बुढ्यानं काठी उचलली आणि मी काढलेल्या वेलाच्या शेंड्याला टेकवली.

"याची टोपली कोठी हाय?"

वरात मांडवात येऊन टेकली होती. गुळाचं पाणी फिरत होतं. डफडं नुकतंच थांबलं होतं. भिवाजी म्हणजे नवरदेवाचा आजा, मेडशीच्या पलीकडं त्यांची वाडी, तिथला शेवटचा शब्द त्याचा. नजर अधू झाली होती, म्हणून भिंतीला नाक लावून भिंत वाचायचा. खालून सुरुवात करून तो दाराच्या चौकटीवर आला होता आणि तिथं अडला होता.

मी म्हटलं, "टोपली नाई काढली. जागा नाई पुरली."

"जागा नाई पुरली," तो म्हणाला. काठी खाली घेतली. थोडा वेळ दाढी खाजवली. मग आपल्या लोकांकडं वळून म्हणाला, "बैलं जुपा रे. हे लगन होत नाई."

हे तो इतक्या सावकाश बोलला की पाणी वाटणाऱ्यानं पुढच्या माणसाच्या हातात लोटा दिलासुद्धा. मग एकदम सगळे उठले.

आता या टोपलीचं प्रकरण ज्याला माहीत नाही त्याला पुढचं काहीच कळणार नाही. म्हणून आधी ते सांगून टाकतो.

मी धंद्यानं पेंटर. शाळेत दुसरीपर्यंत गेलो, पुढं मास्तरचं आणि माझं पटलं नाही. पेंटर मात्र पक्का, आणि तो दोन जागचा. इंग्रजाच्या राज्यात सडकेवर मैलाचे दगड रंगवायची गँग असे, तिच्यात मी होतो. दगडाला चुना द्यायचा आणि वर काळ्या रंगानं आकडा काढायचा. आकडा मुकादम कागदावर देई, मी तो जसाच्या तसा दगडावर उतरवी. माझा आकडा धावत्या टांग्यातून वाचता येई. एकदा शेलूबाजारच्या अलीकडं एका दगडावर आकड्याच्या बाजूला फार मोकळं दिसायला लागलं, म्हणून मी बोरीची एक फांदी काढली, बोरांसकट. ओव्हरसियर साहेब सायकलवरून आला. उतरला. दगडाला फेरी मारली आणि मुकादमाला विचारलं, हे काय आहे. मुकादम म्हणाला, बोरं. साहेबानं सगळा दगड घासून काढायला लावला.

मुकादम मला म्हणाला, "तुले मोकळी जागा पाहवत नाई का बे?"

मी म्हटलं, नाई. खरं तेच सांगितलं.

दुसरं काम आमच्या लोकांचं. आम्ही आंध, डोंगरकाठचे आदिवासी. आमच्याकडच्या थोड्या वाड्यांमध्ये रीत अशी की मुलीच्या लग्नाआधी बापाच्या घराची दाराकडची भिंत रंगवायची. त्या भिंतीवर देव नाही, राजा नाही, हत्ती-घोडा नाही. फक्त खायची झाडं. डोंगर ज्यांच्यावर आम्हाला जगवतो ती. मोह, चार म्हणजे चारोळीचं झाड, टेंभरू, बोर, तरोट्याची भाजी, जमिनीखालचे कंद. आधी भिंत शेणमातीनं सारवून घ्यायची. पांढरा रंग पांढऱ्या मातीचा, तांबडा कावेचा, काळा कोळशाचा, पिवळा पळसाच्या फुलांचा, हिरवा वालाच्या पानांचा. त्यात बाभळीचा डिंक घातला की रंग धरून राहतो. ब्रश म्हणजे शिंदीची काडी. शेंडा दातानं चावून मऊ केली की झाली कुंची. सरकारी ब्रशही मी वापरून पाहिला आहे. त्याला तणावा, म्हणजे वेलाचा दोऱ्यासारखा वळणारा ताणा, काढता येत नाही.

आता टोपली. जे झाड घरात खाल्लं जातं त्याच्या बुडाशी एक लहानशी टोपली काढायची. टोपली म्हणजे तोडा, आणा, शिजवा. ज्या झाडाला टोपली नाही ते त्या घराचं देवक, म्हणजे कुळाचं झाड. त्याला हात जोडायचे, त्याचं पान-फळ तोंडात घालायचं नाही. ज्या दोन घरांचं देवक एक, ती घरं भाऊ-भाऊ. त्यांच्यात सोयरीक झाली तर ते बहीण-भावाचं लग्न. म्हणून पाहुणे मांडवात आले की अक्षतांच्या आधी त्यांचा वडीलधारा माणूस उठून भिंत वाचतो. बिनटोपलीचं झाड कोणतं ते पाहतो, ते आपलं नाही अशी खात्री करतो, मगच लग्न लागतं. सोयरीक ठरताना तोंडानं सगळं बोललेलं असतंच. पण तोंड खोटं बोलतं, भिंत बोलत नाही. हे मीच साऱ्या वाड्यांत सांगत फिरायचो, की बाप्पाहो, आपली भिंत खोटं बोलत नाही.

आणखी एक. रंग पुरा झाला की घरची बाई भिंतीला हळदीची बोटं लावते. हळद लागली की कुंची बंद. मग काढायचं नाही आणि पुसायचंही नाही. पुसायचं ते पुढच्या पावसाळ्यानं.

तर ही भिंत होती लखमाजीची. लखमाजी माझ्या बरोबरीचा, गावातलाच. त्याची मुलगी मैना. मैनानं नवरदेवाला अनसिंगच्या बाजारात पाहिलं होतं आणि दोघांनी आपापल्या घरी भांडून ही सोयरीक जुळवली होती. मी मुकादमाकडून रजा घेतली. रजा देताना तो म्हणाला, "जाय. तठी तुले लय मोकळी जागा भेटीन." मला ते आशीर्वादासारखं वाटलं.

लखमाजीचं देवक उंबर. ते मी मधोमध काढलं, बिनटोपलीचं. बाकी सगळ्यांना टोपल्या दिल्या. काम संपलं तेव्हा चौकटीच्या वर उजव्या अंगाला हातभर जागा कोरी राहिली. लखमाजी म्हणाला, राहू दे. मला झोप लागेना. सकाळी उठून मी तिथं काटवलाचा वेल घातला.

काटवल म्हणजे देशावरचे लोक ज्याला करटुलं म्हणतात ते. पावसाळ्यात कुंपणावर चढणारा वेल, त्याला लिंबाएवढं हिरवं फळ आणि फळावर मऊ मऊ काटे. हा वेल काढायला मिळाला की माझा हात थांबत नाही. तणावे वळवत वळवत शेंडा छपराला भिडवला. खाली पाहतो तर बुड थेट चौकटीच्या लाकडावर आलेलं.

समोरच्या घरात ठकूबुढी राहायची. एकटी, बिनलेकराची, तोंडाची तिखट. रोज उंबऱ्यावर बसून ती माझं काम ओव्हरसियरसारखी पाहायची.

"पेंटऱ्या," ती म्हणाली, "टोपली राह्यली."

"जागा नाई."

"मंग वेल आखूड करायचा."

"आखूड केला तं तो वेल कायचा, बुढे? मंग मुळाच काढला असता."

"बरं बाप्पा. तमाशा झाला की मले आवाज दे."

तेवढ्यात मैनाची माय हळद घेऊन आली आणि भिंतीला बोटं लावून गेली. झालं. मी विचार केला, काटवल लखमाजीचं देवक नाही हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, उंबर आहे हेही ठाऊक आहे, मग कोण कशाला विचारतं. नवरदेवाकडचं देवक कोणतं ते मला माहीत नव्हतं; लखमाजीला होतं, पण मांडवाच्या गडबडीत तो वर पाहत नव्हता. मुलीकडच्या पेंटरनं मुलाकडचं विचारायचं, अशी रीत नव्हती.

नवरदेवाकडचं देवक काटवल होतं.

आता मांडवात परत चला. लखमाजी भिवाजीच्या पायाशी बसून हात जोडून सांगत होता की आमचं उंबर, पिढ्यान्‌पिढ्या उंबर. भिवाजी शांतपणे ऐकत होता. तो भांडखोर माणूस नव्हता, तेच अवघड होतं. भांडखोर माणसाची समजूत काढता येते.

"इवाईबुवा," तो म्हणाला, "उंबर हाय, मी पाह्यलं. पन त्याच्या डोक्यावर आमचा काटवल बसला हाय, बिनटोपलीचा. उंबर दाखवाचं अन् काटवल खरं, असं बी असते. मी माह्या नातवाचं त्याच्या बहिनीसंगं लगन लावू का?"

कोणीतरी म्हणालं, आता टोपली काढून घ्या. भिवाजीनं मान हलवली. हळदीनंतर काढलेली टोपली म्हणजे खोटी साक्ष. त्यात त्याचं बरोबर होतं. मीसुद्धा काढू दिली नसती.

लखमाजीनं मला दंडाला धरून मांडवाच्या खांबाआड नेलं.

"सांगून टाक ना बाप्पा, चुकलं म्हून."

"वेल पाय," मी म्हटलं. "पान पाय, तणावा पाय. कोठी चुकलं ते दाखव."

"वेल नाई रे, टोपली."

"टोपली मी काढलीच नाई. काढली नाई ते चुकीन कसं?"

लखमाजीनं कपाळाला हात लावला. पण माझीही बाजू पाहा. एकदा पेंटर म्हणाला की माझी भिंत चुकली, की डोंगरातल्या सगळ्या भिंती चुकल्या. उद्या कोणीही उठून म्हणेल, ते जाऊ द्या, ते पेंटरचं चुकलं असेल. मी मांडवात परत आलो आणि मोठ्यानं सांगितलं, वेल बरोबर आहे.

"पाहा," भिवाजी आपल्या लोकांना म्हणाला. "पेंटरच म्हनते बरोबर हाय." बैलं जुपणारे जरा भराभर जुपायला लागले.

मग भिवाजीनं, माणूस न्यायाचा म्हणून, आमच्या गावकऱ्यांना विचारलं, "लखमाजीले काटवल खाताना कोनी पाह्यलं हाय का? एकानं बी सांगा, मी बसतो."

इथं आमच्या गावानं घात केला. लखमाजीला काटवल आवडत नसे. लहानपणी ते त्याला सुरवंट वाटलं होतं, गोळा होऊन बसलेला हिरवा सुरवंट, आणि ते एकदा वाटलं ते वाटलंच. त्याच्या मायनं चिंचेच्या फोकानं मारलं तरी तोंड उघडलं नव्हतं. लग्न झाल्यावर मैनाची माय पावसाळाभर दोन भाज्या रांधायची, एक काटवलाची आणि एक लखमाजीची. गावात ही चेष्टा सगळ्यांना पाठ. आणि पाहुण्यांपुढं ती सांगायची हौस त्याहून जास्त.

"काटवल? अन् लखमाजी?" एकजण हसत म्हणाला. "अहो, घरात काटवल शिजत असलं तं तो अंगनात बसून राह्यते."

"त्याच्या मायनं सोगन घातली," दुसरा म्हणाला, "तरी नाई खाल्लं."

भिवाजीनं प्रत्येकाकडं पाहून मान डोलावली. "हात जोडते का काटवलाले?"

"जोडते ना. वाढाले गेलं की दोनी हात जोडते."

भिवाजी उठला. आता तर त्याच्या मनात काही शंकाच राहिली नाही. लखमाजी मातीसारखा बसला होता. आमचे गावकरी अजून हसत होते, आपण मोठी मदत केली अशा तोऱ्यात.

एक नवरदेव तेवढा उठला नव्हता. आज्यानं दोनदा हाक मारली. तो म्हणाला, पायात काटा गेला आहे. पायात काहीही नव्हतं, मी शेजारीच उभा होतो.

तेवढ्यात मैना बाहेर आली. अंगाला हळद, कपाळाला बाशिंग, तशीच. नवरीनं अशा वेळी बाहेर यायचं नसतं. बायांनी पदर धरला तो तिनं सोडवून घेतला. आधी म्हणाली, मी तर दरसाल काटवल खाते, मला विचारा. भिवाजी म्हणाला की पोरीचं खाणं धरत नाहीत, पोर परघरी जाणारी; घरात शिजतं तेही धरत नाहीत, देवक लपवायचं असलं की लोक शिजवूनसुद्धा दाखवतात; देवक बापाचं, खायला पाहिजे ते बापानं.

"आजोबा," मैना म्हणाली, "देवक खाल्लं तं काय होते?"

"जीभ झडते."

"मंग आमचे बाबा काटवल खातीन. जीभ झडली तं तुमी बैलं जुपा. नाई झडली तं मांडवात बसा."

 भिवाजीनं पुन्हा दाढी खाजवली. मग म्हणाला, "पोरगी बरोबर बोलून राह्यली."

लखमाजीचं तोंड असं झालं, जसं काही त्यालाच सासरी पाठवून राहिले आहेत.

पण वैशाख चालू होता. काटवलाचा कंद जमिनीत झोपलेला, वेलाचा पत्ता नाही, फळ यायला श्रावण. भिवाजीनं आकाशाकडं पाहिलं आणि म्हणाला की तो श्रावणापर्यंत थांबू शकत नाही, बैलं उपाशी आहेत. तेव्हा मला आठवलं की ठकूबुढी काटवलाच्या काचऱ्या वाळवून ठेवते. भिंत रंगवताना तिच्या दारातून मला ते गाडगं दिसायचं. मी रस्ता ओलांडून गेलो. ती उंबऱ्यावरच बसली होती, सगळं ऐकत.

"झाला का तमाशा?" तिनं विचारलं.

"काचऱ्या हाय का, बुढे?"

"हाय. पन मी काहून देऊ?"

"लगन मोडून राह्यलं म्हून."

"माह्या वेलानं मोडून राह्यलं का?" ती म्हणाली. मग आपल्या घराच्या भिंतीकडं पाहिलं. शेणानं सारवलेली, स्वच्छ, कोरी. "माही भिंत रंगवून दे."

लग्नाशिवाय मी भिंतीला हात लावत नाही. हा माझा नेम होता आणि तो तिला माहीत होता. मी तसं म्हटलं.

"माह्या पोटी पोरगी नाई झाली," ठकूबुढी म्हणाली, "म्हून मी डोंगराचं खाल्लं नाई का?"

मी तिच्या कोऱ्या भिंतीवर हात फिरवून पाहिला.  समोर बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"बरं," मी म्हटलं. "रंगवून देतो."

"टोपल्या?"

"काढीन."

"सगळ्यायले?"

"सगळ्यायले."

"अन् आता म्हन, टोपली राह्यली होती."

"गाडगं दे, बुढे."

ती हसली. तिला दोनच दात होते, तेवढ्यावर ती बराच वेळ हसली. मग गाडगं दिलं.

मैनानं काचऱ्या गरम पाण्यात भिजवल्या, तेल-मिरचीत परतल्या. ताजं काटवल निदान हिरवं असतं. वाळवलेलं भिजलं की काळं पडतं, आखडतं, आणि लखमाजीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं हे मला त्या दिवशी पटलं. सुरवंटासारखंच दिसत होतं ते. 

ताट आलं तेव्हा नवा घोळ. भिवाजी म्हणाला, आपलं देवक कोणी खात आहे हे आमच्या लोकांनी पाहायचं कसं? त्याचा वासही घ्यायचा नाही. आणि पाहिलं नाही तर खाल्लं हे कळणार कसं? यावर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी बराच खल केला. शेवटी ठरलं ते असं. नवरदेवाकडची सगळी माणसं पाठ करून बसतील, नाकाला पागोट्याचं टोक लावून. साक्षीला राहील दगडू. दगडू त्यांच्याबरोबर आलेला डफडेवाला, दुसऱ्या जातीचा, त्याला या देवकाचं काही नाही.

भिवाजी त्याला म्हणाला, "तू पाय अन् सांग. गिळलं की वाजव. खोटं वाजवलं तं डफड्याचं कातडं मी फाडीन."

झालं. सारी वरात मांडवाच्या बाहेर उन्हात रस्त्याकडं तोंड करून बसली, नाकं बांधून. नवरदेवसुद्धा. रस्त्यानं एक तेलाचा गाडीवाला चालला होता, तो गाडी थांबवून पाहायला लागला की एवढी माणसं कोणाची वाट पाहत आहेत. इकडं लखमाजी माझ्या भिंतीसमोर ताटावर बसला. काटवलाचा वेल बरोबर त्याच्या डोक्यावर.

दगडूनं डफडं मांडीवर घेतलं आणि सुरू केलं.

"भाकर मोडली... घास केला... तोंडापाशी नेला."

"अन्?" उन्हातून भिवाजी.

"खाली ठेवला."

"खाली काहून?"

"पानी पिऊन राह्यला."

"जीभ झडली का?"

"अजून घास गेलाच कोठी? नुसतं पानी पेते."

लखमाजीनं पुन्हा घास उचलला.  पुन्हा खाली ठेवला. दगडूनं तेही इमानदारीनं सांगितलं. बाहेर कुजबुज सुरू झाली. मी पाहिलं, नवरदेवाचे कान लाल झाले होते, आणि ते उन्हानं नव्हे.

मग मैना बापासमोर येऊन बसली. बाशिंग मागं सरकवलं आणि त्याच्या हातातला घास आपल्या हातात घेतला. "बाबा," ती हळू म्हणाली, "डोळे मिटा. सुरवंट नाई. माह्या हातचं हाय." उद्यापासून त्या घरात तिच्या हातचं काहीच नसणार होतं. लखमाजीनं तिच्याकडं पाहिलं. डोळे मिटले. तोंड उघडलं.

"घातला," दगडू म्हणाला. "चावून राह्यला. चावून राह्यला. अजून चावूनच राह्यला." आणि एकदम डफडं कडाडलं. "गिळला!"

"जीभ?" भिवाजी ओरडला.

दगडू उठून लखमाजीजवळ गेला, वाकला, नीट पाहिलं. "हाय. लाल हाय. मिरची जास्त पडली."

आम्हाला वाटलं, सुटलो. पण भिवाजी पाठमोराच म्हणाला, "आनखी एक. पयला घास मानूस चुकून खाते. दुसरा जानून खाते."

दुसरा घास लखमाजीनं स्वतः घेतला. डफडं वाजलं. मग तिसरा. तिसरा कोणी मागितला नव्हता. दगडू वाजवायचं विसरला. लखमाजीनं ताटाच्या कडेची भाजी बोटानं ओढली, भाकरीला लावली, खाल्ली आणि म्हणाला, "बरं लागते की हे."

मैनाची माय दारात उभी होती. "बरं लागते?" ती म्हणाली. "एवढी सालं दोन भाज्या रांधल्या म्या. दोन." हातात पळी होती. बायांनी तिला आत नेलं.

वरात मांडवात परत आली. अक्षता पडल्या. नवरदेवाचा पाय बरा झाला होता.

जेवणं झाल्यावर भिवाजी माझ्यापाशी आला. भिंतीला नाक लावून वेल पुन्हा पाहिला, बुडापासून शेंड्यापर्यंत. बराच वेळ पाहिला. 

"पेंटर," तो म्हणाला, "असा काटवल मी आजवर भिंतीवर पाह्यला नाई. तणावा पाय कसा वळला. माह्या धाकल्या नातीचं लगन हाय पुढच्या साली. आमच्या घरी येऊन हाच वेल काढून दे. मधात काढ. अन् टोपली काढू नको."

बरोबरच होतं. त्यांचं देवक काटवल, त्यांच्या भिंतीवर तो बिनटोपलीचाच पाहिजे. म्हणजे चित्र बरोबर होतं. भिंत तेवढी दुसऱ्याची होती. हे मी लखमाजीला समजावून सांगायला गेलो, पण तो त्या दिवशी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता.

ठकूबुढीची भिंत मी रंगवून दिली. ती समोर बसून प्रत्येक टोपली बोटानं दाखवून घेत होती. तिच्या कुळाचं देवक मी बिनटोपलीचं ठेवायला निघालो तर म्हणाली, त्यालाही काढ, मला आता कोणती सोयरीक करायची आहे. मी ऐकलं नाही. ते बिनटोपलीचंच राहिलं. काही झालं तरी भिंत खोटी काढायची नाही. ती पुढं येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून भिंत दाखवायची आणि कोणती टोपली कुठं आहे ते सांगायची.

त्या भिंतीपायी रजा लांबली. मुकादमानं कारण विचारलं, मी सगळं सांगितलं. तो हसून हसून चुन्याच्या बादलीवर बसला. मग म्हणाला, "म्हून साहेब म्हनते, कागदावर देल्लं तेवढंच काढत जाय." मी म्हटलं, साहेबाच्या दगडावरून कोणाचं लग्न लागत नाही, म्हणून त्याला मोकळी जागा परवडते.

मैना दर श्रावणात माहेरी यायची, काटवल खायला. सासरी ते देवक, तिथं आता तिलाही बंद. आली की बाप-लेक एकाच ताटात बसायचे. नवरा बरोबर असला तर तो अंगणात जाऊन बसायचा, रस्त्याकडं तोंड करून. आधी त्या जागी लखमाजी बसायचा.

नव्या पेंटरांना मी एवढंच सांगतो. घरवाला काय खातो हे विचारून अर्धी भिंत होते. उरलेली अर्धी, पाहुणे काय खात नाहीत ते विचारल्यावर होते. आणि टोपली आता मी आधी काढतो, मग त्यावर झाड. वेल मात्र आखूड केलेला नाही.